शाहू कोणते? चिंतामणराव कोणते?

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ साली सातारा शहरात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एक वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे नामकरण झाले : श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस. हे शाहू कोण, असे वर्गात विचारून पाहावे. बरीच मुले साताऱ्याचे शाहू महाराज म्हणून सांगतील. त्यांचा तर्क वाईट नाही. शहर साताऱ्याचे, ते भरभराटीला आणले शाहूंनी, मग वसतिगृहाला नाव दुसऱ्या कोणाचे असणार? पण ते शाहू वारले १७४९ साली. वसतिगृहाला ज्यांचे नाव दिले ते कोल्हापूरचे राजर्षी शाहू (१८७४–१९२२). भाऊरावांचे शिक्षण कोल्हापुरात झाले होते. तेथे निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी राजर्षींनी वसतिगृहे काढलेली त्यांनी पाहिली होती. नाव जुळले एवढ्यावर थांबले तर उत्तर चुकते. काळ आणि काम पाहिले तर चुकत नाही.

असे घोटाळे आपल्या भागाच्या इतिहासात पावलोपावली आहेत. पाठ्यपुस्तकातले एक वाक्य घ्या : १७३१ साली शाहू व संभाजी यांच्यात वारणेचा तह झाला. लक्ष देऊन वाचणारा विद्यार्थी येथे अडखळतोच. संभाजी महाराजांचा वध तर १६८९ साली झाला, आणि ते शाहूंचे वडील! मग बेचाळीस वर्षांनी मुलाने वडिलांशी तह केला कसा? हा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्याला गप्प बसवू नये. तहातले संभाजी हे राजाराम महाराज व राजसबाई यांचे पुत्र, म्हणजे शाहूंचे चुलतभाऊ, कोल्हापूरच्या गादीवरचे. चुलत्याचे नाव पुतण्याला दिले होते. सांगलीजवळ हरिपूरला जी वारणा कृष्णेला मिळते तीच या तहाने दोन राज्यांमधली सीमा ठरली.

थोडे मागे गेले की आणखी गंमत दिसते. शाहूंचे जन्मनाव शाहू नव्हतेच. ते होते शिवाजी, आजोबांचे नाव. राजाराम महाराज व ताराबाई यांना १६९६ साली मुलगा झाला, त्याचेही नाव शिवाजी, तेही आजोबांचेच. १७०० साली राजाराम महाराज वारले आणि चार वर्षांचा हा शिवाजी गादीवर बसला. त्या वेळी अठरा वर्षांचा दुसरा शिवाजी औरंगजेबाच्या छावणीत कैदेत होता. एकाच आजोबांचे दोन नातू, एकाच नावाचे, एकाच गादीचे हक्कदार. त्यांतला एक पुढे शाहू या नावाने प्रसिद्ध झाला म्हणून बरे. हे नाव औरंगजेबाने दिले, अशी एक कथा ग्रँट डफच्या इतिहासापासून चालत आली आहे. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी.

हा निव्वळ योगायोग आहे काय? आमच्या मते नाही. यामागे एक साधा नियम आहे : नातवाला आजोबांचे नाव. दोन भावांनी हा नियम पाळला की दोन चुलतभाऊ एकाच नावाचे होणारच. पेशव्यांच्या घरातही तेच दिसते. बाळाजी विश्वनाथांचे नाव नातवाला मिळाले, ते बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब. थोरल्या बाजीरावांचे नाव रघुनाथरावांच्या मुलाला मिळाले, तो शेवटचा पेशवा.

येथे कोणी म्हणेल की आपल्याकडे वडिलांचे नाव लावण्याची पद्धत आहे, त्यामुळे घोटाळा टळतो. चुलतभावांच्या बाबतीत खरोखर टळतो. शिवाजी संभाजी आणि शिवाजी राजाराम हे लगेच वेगळे ओळखू येतात. पण सरळ वंशात हा उपाय चालत नाही. समजा, गणेशचा मुलगा विष्णू. त्याच्या मुलाला आजोबांचे नाव, गणेश विष्णू. त्याच्या मुलाला पुन्हा आजोबांचे, विष्णू गणेश. पहिला विष्णूही विष्णू गणेशच होता! दर दोन पिढ्यांनी तेच पूर्ण नाव, आडनावासकट, परत येते. मुलांना फळ्यावर पाच पिढ्या मांडायला सांगाव्या. आवर्तन म्हणजे काय हे त्यांना गणिताच्या तासापेक्षा लवकर कळेल.

मग क्रमांक द्यावा, पहिला, दुसरा? इतिहासकार देतात, पण क्रमांकालाही आरंभबिंदू लागतो. शून्य अंश म्हटले की सेल्सिअस की केल्विन ते सांगावे लागते, तसेच हे. थोरल्या शिवाजी महाराजांपासून मोजले तर ताराबाईंचा मुलगा दुसरा शिवाजी. कोल्हापूरची गादी स्वतंत्र धरून मोजले तर तोच पहिला होतो आणि १७६२ साली दत्तक आलेला दुसरा. दोन पुस्तकांत ‘शिवाजी दुसरा’ म्हणून दोन निराळे राजे भेटतात ते यामुळे. आपली जुनी रीत, थोरले-धाकटे, सवाई, बोलायला सोयीची. पण तिचीही अडचण आहे. दुसरा येईपर्यंत पहिल्याला कोणी थोरला म्हणत नाही. त्यामुळे समकालीन कागदांत ही विशेषणे शोधून उपयोग नाही. प्राणिशास्त्रात दोन प्रजातींना एकच नाव पडले तर आधीचे टिकते, नंतरचे बदलावे लागते. राजघराण्यांत असा नियम कोण लावणार? तेथे तर तेच नाव पुन्हा यावे हाच हेतू असतो.

तो हेतू दत्तकविधानात स्पष्ट दिसतो. साताऱ्याच्या गादीवर १७७७ साली आलेले धाकटे शाहू मूळचे विठोजी. रामराजांनी त्यांना दत्तक घेतल्यावर ते शाहू झाले. कोल्हापूरचे राजर्षी मूळचे कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव; १८८४ साली दत्तक गेल्यावर शाहू झाले. थोरल्या शाहूंचे जन्मनाव शिवाजी होते हे वर आलेच आहे. म्हणजे या तीन प्रसिद्ध शाहूंपैकी एकाचेही पाळण्यातले नाव शाहू नव्हते! नाव गादीबरोबर आले. दत्तक मुलाच्या अंगात त्या सरळ शाखेचे रक्त नसेल, पण नाव घेतल्यावर तो त्या घराचा वारस म्हणून जगापुढे उभा राहतो.

मात्र नाव घेणे पुरेसे नव्हते, ते दुसऱ्याने मानावेही लागे. साताऱ्याचे छत्रपती शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांनी एप्रिल १८४८ मध्ये मरणशय्येवर दत्तक घेतला. डलहौसीने तो नामंजूर केला आणि राज्य खालसा केले. दत्तक नामंजूर करून डलहौसीने घेतलेले हे पहिले राज्य. १८५७ च्या उठावानंतर धोरण फिरले आणि संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा मिळाल्या. त्याचा परिणाम सांगलीत पाहता येतो.

सांगली संस्थानचे संस्थापक चिंतामणराव पटवर्धन १८५१ साली वारले. त्यांच्यानंतर मुलगा धुंडिराजराव. ते १९०१ साली वारले, मागे वारस नव्हता. १९०३ साली तेरा वर्षांचा दत्तक मुलगा गादीवर आला, तो चिंतामणराव याच नावाने. दत्तकातही आजोबांचेच नाव! शिवाय दोघांनाही लोक आप्पासाहेब म्हणत, त्यामुळे टोपणनावाचाही आधार उरत नाही. १८४३ साली विष्णुदास भावे यांच्याकडून सीतास्वयंवराचा प्रयोग करवून घेणारे चिंतामणराव पहिले. लंडनच्या गोलमेज परिषदेला गेलेले, विलिंग्डन कॉलेज (१९१९) आणि कृष्णेवरचा आयर्विन पूल (१९२९) ज्यांच्या कारकिर्दीत झाला ते दुसरे. ते १९६५ साली वारले. पहिले वारले आणि दुसरे जन्मले यांत एकोणचाळीस वर्षे आहेत. तरी मराठी रंगभूमीला आश्रय आणि गोलमेज परिषद ही दोन्ही एकाच आप्पासाहेबांच्या नावावर जमा करणारे भेटतात. साल विचारले की निकाल लागतो.

याच भागात उलटा घोटाळाही आहे. तेथे दोन माणसे एक होत नाहीत, एकच माणूस दोन वाटतो. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि १९६० साली दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली जिल्हा पडले. क्रांतिसिंह नाना पाटील यांना एक पुस्तक सातारा जिल्ह्यातले म्हणते, दुसरे सांगलीचे. १९४३ ते १९४६ च्या प्रतिसरकारलाही साताऱ्याचेच नाव चिकटले आहे. नाना पाटील एकच, आणि दोन्ही पुस्तके बरोबर. वाळवे तालुक्यातले त्यांचे येडेमच्छिंद्र आधी सातारा जिल्ह्यात होते, मग दक्षिण साताऱ्यात, आणि १९६० पासून ते सांगली जिल्ह्यात आहे.