महागडे इयरफोन : अस्सल की नक्कल?

मुंबई, प्रतिनिधी

वीस-पंचवीस हजार रुपये मोजून घेतलेली वस्तू बनावट आहे, हे ग्राहकाला पुष्कळदा महिनोन् महिने कळत नाही. इयरफोनच्या बाबतीत हा अनुभव विशेष येतो. खोका तसाच, नाममुद्रा तशीच आणि कानात घातल्यावर आवाजही येतो. संशयाचे रूपांतर खात्रीत होते ते अधिकृत सेवा केंद्राच्या खिडकीपाशी, 'ही वस्तू आमची नाही' असे उत्तर मिळते तेव्हा. तोवर माल परत करण्याची मुदत उलटून गेलेली असते. त्यामुळे अस्सल-नकलीची पारख पैसे देण्यापूर्वी, निदान परतीची मुदत संपण्यापूर्वी होणे आवश्यक आहे.

बनावट मालाचा व्यापार किरकोळ नाही. आर्थिक सहकार्य व विकास संघटना (ओईसीडी) आणि युरोपीय संघाचे बौद्धिक संपदा कार्यालय यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, 2019 साली जगभरात सुमारे 464 अब्ज डॉलरच्या बनावट मालाची आयात-निर्यात झाली. एकूण जागतिक व्यापाराच्या तुलनेत हे प्रमाण अडीच टक्के भरते. इयरफोन या धंद्याला सोयीचे ठरतात. ते वजनाला हलके, किमतीला भारी आणि पोस्टाच्या लहान पुडक्यातही मावणारे असतात. बाहेरचे प्लास्टिकचे कवच साच्यातून हुबेहूब काढता येते. खरी किंमत ज्या ध्वनियंत्रणेची असते, ती मात्र कवचाच्या आत, ग्राहकाच्या नजरेआड राहते.

नजरेवर भिस्त नको

केवळ रूपावरून निर्णय करणे किती अवघड आहे, याचे उदाहरण अमेरिकेत घडले. न्यूयॉर्कच्या जॉन एफ. केनेडी विमानतळावर 31 ऑगस्ट 2020 रोजी सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी हाँगकाँगहून आलेले 2,000 इयरफोन जप्त केले आणि ते 'अॅपल'च्या एअरपॉड्सची नक्कल असल्याचे जाहीर केले. प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांतील खोक्यांवर मात्र 'वनप्लस बड्स' असे स्पष्ट छापलेले होते. हा आपला अस्सल माल असल्याचे त्या कंपनीने सांगितले. इयरफोनच्या आकाराबाबत अॅपलला असलेल्या व्यापारचिन्हाच्या हक्कांचा हा भंग आहे, असे सांगत सीमाशुल्क विभाग आपल्या कारवाईवर ठाम राहिला. वाद व्यापारचिन्हाचा असला, तरी त्यातून ग्राहकाने घ्यायचा बोध साधा आहे. सारखेपणा हा अस्सलपणाचा पुरावा नव्हे, आणि नकलीपणाचाही नव्हे.

तरीही काही खुणा उपयोगी पडतात. अक्षरांची पुसट छपाई, शुद्धलेखनाच्या चुका, दोन भागांच्या सांध्यात राहिलेली फट, जॅकवरील खडबडीत मुलामा, डाव्या-उजव्या खुणांचा तिरकेपणा आणि चार्जिंगच्या डबीचे सैल झाकण या गोष्टी संशयाला जागा देतात. मात्र 'मेड इन चायना' ही अक्षरे पाहून माल नकली ठरवू नये. अनेक नामवंत कंपन्यांचे अस्सल इयरफोन चीन वा व्हिएतनाममध्येच तयार होतात.

खोका काय सांगतो?

भारतात रीतसर आयात झालेल्या मालाच्या वेष्टनावर वैधमापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 नुसार आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क असणे बंधनकारक आहे. वायरलेस इयरफोनसाठी भारतीय मानक ब्युरोची सक्तीची नोंदणीही लागते. या नोंदणीचा क्रमांक इंग्रजी 'आर' अक्षराने सुरू होतो आणि त्यापुढे आठ अंक असतात. ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अॅपमध्ये तो टाकला असता नोंदणी कोणत्या उत्पादकाच्या नावे व कोणत्या वस्तूसाठी आहे, हे दिसते. क्रमांक दुसऱ्याच वस्तूचा निघाला, तर तो खोका दुकानदाराला परत करावा.

येथे एक भेद ध्यानात घ्यायला हवा. परदेशातून कोणी सामानासोबत आणलेल्या खोक्यावर भारतीय आयातदाराची चिठ्ठी नसते, पण तेवढ्याने तो माल बनावट ठरत नाही. अशा अस्सल मालालाही भारतात हमी मिळेलच असे नाही. हा धोका निराळा असून सौदा करताना तो गृहीत धरावा.

अनुक्रमांकाची मर्यादा

अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर तपासणे ही सर्वांत परिचित कसोटी आहे. एअरपॉड्सचा क्रमांक चार्जिंगच्या डबीच्या झाकणाच्या आतील बाजूस असतो. परंतु नकला करणारे एखादा खरा क्रमांक मिळवून तोच असंख्य डब्यांवर छापतात. संकेतस्थळावर तो अर्थातच वैध दिसतो. म्हणून डबीवरचा, खोक्यावरचा आणि आयफोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये दिसणारा, असे तिन्ही क्रमांक ताडून पाहावेत. संकेतस्थळावर दिसणारे मॉडेल हातातल्या वस्तूशी जुळते का, हेही पाहावे. जुन्या मालाच्या व्यवहारात डबी अस्सल आणि आतले इयरबड नकली, असाही प्रकार संभवतो. त्यासाठी दोन्ही इयरबडचे स्वतंत्र क्रमांक पाहावेत.

डबी उघडताच आयफोनच्या पडद्यावर चित्र उमटते, यावर अनेक जण विसंबतात. ही नक्कलही आता साधली गेली आहे. 2022 मध्ये आलेल्या आयओएस 16 पासून मात्र अस्सलपणाची खातरजमा न झाल्यास फोन तशी सूचना देतो. सौदा करताना अद्ययावत आयफोन जवळ असलेला मित्र सोबत नेणे त्यामुळे हिताचे ठरते.

क्यूआर संकेत वा होलोग्राम असलेल्या लेबलांबाबतही सावधगिरी हवी. संकेत वाचल्यावर उघडणारे पान खरोखर कंपनीचेच आहे ना, हे पत्त्याच्या ओळीत पाहावे. बनावट लेबल बनावट पानाकडेही नेऊ शकते. कंपनीचे संकेतस्थळ आपणच उघडून तेथे क्रमांक टाकणे अधिक सुरक्षित.

कानाची कसोटी

अंतिम परीक्षा आवाजाची. त्यासाठी वर्षानुवर्षे ऐकलेले, चांगल्या दर्जाचे ध्वनिमुद्रण निवडावे. गायकाचा आवाज दोन्ही कानांच्या मधोमध यायला हवा. तो एका बाजूला कलत असेल, किंवा पसरट व पोकळ वाटत असेल, तर दोन्ही बाजूंची जुळणी सदोष आहे. तबल्याच्या डग्ग्याचा नाद घुमत राहून तानपुऱ्याला झाकत असेल, 'स' आणि 'श' कानाला टोचत असतील, तर महागड्या मालाकडून ही अपेक्षा नाही, असे समजावे.

मॉडेलचे वैशिष्ट्य ठाऊक असल्यास तपासणी अचूक होते. 'सेनहायझर'च्या आयई 80 या मॉडेलला खर्ज कमी-जास्त करणारा छोटा स्क्रू आहे. तो फिरवूनही आवाजात फरक पडत नसेल, तर तो केवळ शोभेचा आहे. या मॉडेलचा अंकित विद्युत अवरोध 16 ओहम आहे. मल्टिमीटरवर त्याच्या आसपास आणि दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखा आकडा दिसायला हवा. 'शुअर'च्या एसई 535 मध्ये प्रत्येक कानात तीन सूक्ष्म ध्वनिजनक असतात. नकलेत त्यांच्या जागी एकच स्वस्त ध्वनिजनक बसवणे सोपे असते. बाह्य गोंगाट शमवणाऱ्या इयरफोनची परीक्षा चालू पंख्याखाली घ्यावी. सुविधा चालू-बंद केल्यावर पंख्याची घरघर स्पष्टपणे कमी-अधिक झाली पाहिजे.

नकली वायरलेस इयरफोनमध्ये प्रश्न केवळ आवाजाचा नसतो. त्यांत लिथियमची बॅटरी असते आणि ती कानाला लागून असते. तिच्या चाचणीची जबाबदारी घेणारा उत्पादक मात्र कुठेच सापडत नाही. चार्ज होताना डबी गरम होत असेल, तर तो वापर त्वरित थांबवावा.

विक्रेता आणि किंमत

कंपनीच्या संकेतस्थळावर अधिकृत विक्रेत्यांची यादी असते. ऑनलाइन खरेदीत बाजारपेठ चालवणारी कंपनी आणि प्रत्यक्ष विक्रेता वेगळे असू शकतात, म्हणून विक्रेत्याचे नाव वाचावे. नवा कोरा माल निम्म्या किमतीत मिळत असेल, किंवा उत्पादन थांबलेले मॉडेल 'सीलबंद' म्हणून हवे तितके उपलब्ध असेल, तर कारण विचारावे. जीएसटी क्रमांक व अनुक्रमांक नमूद केलेले बिल आग्रहाने घ्यावे. बिल नसल्यास पुढील दाद मागणे कठीण होते.

फसवणूक झाल्यास

खोका उघडताना केलेले चित्रीकरण, बिल, देयकाचा पुरावा आणि सेवा केंद्राचा लेखी अभिप्राय जपून ठेवावा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे अपेक्षित आहे. बनावट माल परत घेण्यास ऑनलाइन विक्रेत्याला नकार देता येत नाही. त्यानंतरही दाद न मिळाल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

पुढचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोगाचा. 2019 च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची मुभा दिली आहे. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क लागत नाही, आणि तक्रारीसाठी दोन वर्षांची मुदत आहे. तक्रार 'ई-जागृती' या संकेतस्थळावरूनही दाखल करता येते. बनावट व्यापारचिन्हाचा माल विकणे हा व्यापारचिन्ह कायदा, 1999 खाली दंडनीय गुन्हा आहे.

इयरफोन फेकून देऊन गप्प बसणे सोपे असते. परंतु तक्रार न झाल्यास तोच विक्रेता तसाच खोका पुढच्या ग्राहकाच्या हाती ठेवतो, हे विसरता कामा नये.