तासाची सायकल

सायकलचा इतिहास बहुधा विक्रमांचा आणि कारखान्यांचा असतो. १९२३ साली मुंबईहून निघालेले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा १९२८ मध्ये जगप्रदक्षिणा करून परतले. त्यांच्या प्रवासाचे पुस्तक झाले. मुंबई-पुणे शर्यतीत घाट गाजवणाऱ्याला 'घाटांचा राजा' हा किताब मिळतो. पण कुठेच पोचायचे नसताना सायकल चालवणाऱ्यांचा इतिहास कुठे शोधायचा? माझ्या मते, भाड्याने सायकली देणाऱ्या दुकानांच्या वह्यांत.

१९८०च्या आसपास हदगावात घरची सायकल म्हणजे कर्त्या माणसाचे वाहन. तिच्या कॅरिअरवर दुधाच्या किटल्या, टपालाची पिशवी, नाहीतर बाजाराचे ओझे. पोरांच्या वाट्याला यायची ती तासाची सायकल. दुकानदार वहीत नाव, मडगार्डवर रंगवलेला नंबर आणि नेल्याची वेळ लिही. परतल्यावर दुसरी वेळ. तासाला आठ आणे. आम्ही दोघांत अर्ध्या तासाची घेत असू. एकाने चालवायची, दुसऱ्याने मागे धावायचे. सीटवरून पाय न पुरणारे नळीखालून पाय घालून कैची मारत. दत्तबर्डीपर्यंत ढकलत न्यायची, उताराला सोडून द्यायची, पुन्हा ढकलायची.

त्या वहीत 'कुठे' असा रकाना नव्हता. दुकानदार वेळ विकत होता, अंतर नव्हे. परत यायची वेळ पक्की. मधल्या अर्ध्या तासाचा हिशेब कुणी मागत नसे.

मात्र त्या वहीत मुलींची नावे जवळजवळ नसत. बिनकामाने हिंडायची मुभा पोरांनाच होती. पुढे मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळू लागल्या, त्या घर ते शाळा एवढ्या कारणासाठी. शाळा सुटल्यावर त्या सायकली किती लांबच्या वाटेने घरी येतात, हे सरकारी रकान्यात मावणारे नाही.

आज हौशी सायकलस्वार २०० किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे करतात. मोबाइल प्रत्येक चढ मोजतो. त्यातही आनंद आहे, आणि त्याची नोंद आपोआप राहते. तासाच्या सायकलीची नोंद मात्र रद्दीत जाते आहे. कुणाच्या माळ्यावर अशी वही असेल, तर ती विकू नये. सामान्य माणसांच्या मोकळ्या वेळेचे इतके साधे दफ्तर दुसरे नाही.