बनारसचं डिझेल आणि गोदामातला गंज

बनारस म्हटलं की आपल्याला गंगेचे घाट आणि अहिल्यादेवींनी उभारलेलं विश्वनाथाचं मंदिर आठवतं. आज त्याच गावातल्या एका कारखान्याची गोष्ट आहे.

1961 साली इथे डिझेल रेल्वे इंजिनांचा कारखाना सुरू झाला. तंत्र अमेरिकेतल्या अल्को कंपनीचं. जानेवारी 1964 मध्ये पहिलं इंजिन बाहेर पडलं. डब्ल्यूडीएम-2, सोळा सिलिंडर, 2600 अश्वशक्ती. आणि 1969 मध्ये अल्कोनं रेल्वे इंजिनं बनवणंच थांबवलं. शिकवणाऱ्यानंच शाळा बंद केली म्हणा ना! पुण्या-कल्याणच्या शेडमध्ये मात्र ही इंजिनं राबत होती. त्यांचे सुटे भाग आता मुख्यतः आपणच घडवायचे होते, आणि घडवून ठेवायचेही. क्रँकशाफ्ट काही सांगून मोडत नाही.

हे 'ठेवणं' वाटतं तितकं सोपं नाही. इंग्रज शास्त्रज्ञ व्हर्नन यांनी 1930 च्या सुमारास दाखवलं की हवेतली आर्द्रता साधारण साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्यानं गंजू लागतं. बनारसचा श्रावण तर कितीतरी दिवस ऐंशीच्या वर असतो. छप्पर गळत नसलं म्हणून भाग कोरडा राहतो, हा भ्रम. रात्री लोखंड गार होतं, सकाळी दमट हवा आत येते आणि त्यावर दव धरतं. खोक्यात दमट हवा कोंडली तर तिथंही तेच.

म्हणून आधी भाग स्वच्छ पुसायचा. उघड्या हातांनी धरायचा नाही, घामातलं मीठ बोटांच्या ठशाबरोबर गंज उमटवतं. मग गंजरोधक तेल, त्यावर गंजरोधक वाफ सोडणारा कागद, बंद पिशवीत सिलिका जेल. ते निळं होतं आणि गुलाबी झालं, तर ओलावा शिरला म्हणून समजा. जोडलेली मोटर असेल तर अधूनमधून शाफ्ट हातानं फिरवायचा, नाहीतर आसपासच्या हादऱ्यांनी बेअरिंगमध्ये एकाच जागी खळगे पडतात. हे शेवटचं काम सगळ्यात जास्त विसरलं जातं, कारण बाहेरून काहीच दिसत नाही.

2020 मध्ये कारखान्याच्या नावातून 'डिझेल' गेलं. आता तिथं मुख्यतः विजेची इंजिनं होतात. पण अल्कोच्या घराण्यातलं एखादं इंजिन कुठं शंटिंग करत असेल, तर त्याचा पिस्टन आज ना उद्या जुन्या खोक्यातूनच निघणार, आणि वीस पावसाळ्यांपूर्वी तो कुणी, कसा गुंडाळला होता ते तेव्हाच कळणार.