अंतरींचा अलंकार

इस्लामपुरास एका ख्रिस्ती कुटुंबांतील विवाहास जाण्याचा योग आम्हांस आला होता. कृष्णा व वारणा या दोन नद्यांमधील उसाच्या मुलखांतलें हें गांव. पूर्वीं तें सातारा जिल्ह्यांत मोडत असे; 1949 सालीं दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला व 1960 पासून त्या जिल्ह्यास सांगली हें नांव मिळालें. खुद्द गांवाचें नांव बदलून ईश्वरपूर करण्याचा निर्णय राज्य सरकारनें 2025 सालीं जाहीर केला. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनची जीं केंद्रें या भागांत होतीं, त्यांत कोल्हापूर, सांगली, मिरज, कोडोली यांच्या जोडीला इस्लामपूरचेंही नांव येत असे. तेव्हां येथें ख्रिस्ती घरें असावींत यांत नवल नाहीं.

वधू पांढरें पातळ नेसली होती. हातांत हिरव्या बांगड्या होत्या आणि मामीनें हौसेनें घातलेली मोत्यांची नथ नाकांत होती. उपदेशकांनीं पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय उघडला. वेणीफणी, सोनें, उंची वस्त्रें ही स्त्रीची खरी शोभा नव्हे, अंतःकरणांत झांकलेली सौम्य व शांत वृत्ति हीच देवाच्या दृष्टीनें मोलाची, हा त्यांच्या प्रवचनाचा आशय. आमच्या शेजारीं एक वृद्ध बाई बसल्या होत्या. मिरजेच्या रुग्णालयांत परिचारिकेचें काम करून त्या कधींच निवृत्त झाल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "सोनं टाका म्हणायला काय जातं? आमच्या आजीपाशी टाकायला होतं काय?"

बाईंच्या या एका वाक्यानें आम्हांस जो विचार करावयास लावला, तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटतें. स्त्रीच्या आंतरिक सौंदर्याची ख्रिस्ती कल्पना महाराष्ट्रांत आली तेव्हां ती कोणाच्या कानीं पडली, आणि ज्यांच्या कानीं पडली त्यांनीं तिचें काय केलें, हा तो विचार होय.

प्रथम मूळ उपदेशाकडे पाहूं. पेत्राचें हें पत्र आशिया मायनरमधील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानांतील, पांच प्रांतांत विखुरलेल्या ख्रिस्ती मंडळ्यांस उद्देशून आहे. तीं रोमन साम्राज्याच्या वैभवाचीं वर्षें होतीं. श्रीमंत घरांतील स्त्रियांच्या केंसांची रचना करण्यासाठीं खास दासी ठेवलेल्या असत. कुरळ्या बटांचे एकावर एक थर रचलेले संगमरवरी पुतळे आजही संग्रहालयांत पाहावयास मिळतात. अशा समाजांत बाह्य शोभेचा हव्यास सोडा असें सांगण्यांत अर्थ होता. कारण एका स्त्रीच्या केशरचनेमागें दुसऱ्या स्त्रीचें दास्य उभें होतें. तिमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रांतही असाच उपदेश आहे, आणि तेथें सोन्यामोत्यांच्या जागीं सत्कृत्यांचा अलंकार सांगितला आहे.

पण म्हणून बायबलास अलंकारांचें वावडें आहे असें कोणी समजूं नये. इसहाकासाठीं वधू शोधावयास निघालेल्या अब्राहामाच्या सेवकानें विहिरीवर रिबकेस पाहिलें. तिनें त्याला पाणी पाजलें, उंटांसही पाजलें. तेव्हां त्यानें तिला सोन्याची नथ व दोन कंकणें दिलीं. कथेंतील क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. तहानलेल्यास पाणी देणारा हात त्यानें आधीं ओळखला, कंकण त्या हातांत मागाहून घातलें.

आमच्याकडे ही कल्पना अगदींच परकी होती असेंही नाहीं. संस्कारयुक्त वाणी हेंच मनुष्याचें न झिजणारें भूषण, असें भर्तृहरीनें सांगून ठेविलें आहे. चोखोबांनीं वांकड्या उसाच्या गोडीचा दाखला दिला, तो तर या उसाच्या मुलखांतील पोरासही समजेल. परंतु एक गोष्ट येथें निराळी होती. अलंकार टाकण्याचा उपदेश ऐकणाऱ्या कित्येक स्त्रियांच्या अंगावर तो मुळीं राहूंच दिलेला नव्हता.

उच्चवर्णीय विधवेची स्थिति सर्वांस ठाऊक आहे. पति निवर्तला कीं कुंकूं, मंगळसूत्र, बांगड्या हीं गेलींच. पुष्कळ घराण्यांत केंसही जात. त्या क्रौर्याची लाज प्रथम वाटली ती वस्तरा चालविणाऱ्या हातांस. 1890 सालीं मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानें नाभिकांनीं विधवांचें केशवपन न करण्याचा निर्धार केला होता. अस्पृश्य मानलेल्या जातींतील स्त्रीची कथा याहून निराळी, पण तितकीच कष्टाची. तिच्या अंगावर दागिने दिसत, ते हलक्या धातूचे. आणि ते शोभेपेक्षां जातीची खूण म्हणून अधिक ओळखले जात. 1927 च्या डिसेंबरांत महाडास डॉ. आंबेडकरांनीं स्त्रियांची निराळी सभा घेतली. लुगडें नेसण्याची जुनी तऱ्हा आणि गळ्यांतले व हातांतले ते जड दागिने सोडा, दागिना घालावयाचाच असेल तर सोन्याचा घाला, असें त्यांनीं बजाविलें. वरवर पाहतां हा उपदेश पेत्राच्या अगदीं उलट वाटतो; पण आमच्या मतें दोघांचा रोख एकच आहे. स्त्रीची किंमत तिच्या अंगावरील वस्तूंवरून ठरूं नये, हें दोघांसही सांगावयाचें होतें. एकानें तें मिरविणाऱ्या स्त्रीस सांगितलें, दुसऱ्यानें डागलेल्या स्त्रीस.

म्हणून महाराष्ट्रांत या कल्पनेची खरी कसोटी लागली ती पंडिता रमाबाईंच्या चरित्रांत. जन्म 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकमताची पर्वा न करतां पत्नीस संस्कृत शिकविलें, आणि त्या मातेनें रमाबाईंस. आईबाप दुष्काळांत गेले, पुढें भाऊ गेला, आणि विवाहास दोन वर्षें होत नाहींत तोंच 1882 च्या आरंभीं पति बिपिनबिहारी मेधावी वारले. कडेवर मनोरमा नांवाची लहान मुलगी. सर्व लौकिक अलंकार याप्रमाणें दैवानें व रूढीनें नेले. उरली ती विद्या. ती घेऊन त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापिला, आणि त्याच वर्षीं हंटर आयोगापुढें साक्ष देऊन स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य यांची आवश्यकता त्यांनीं सांगितली.

1883 सालीं त्या इंग्लंडास गेल्या व 29 सप्टेंबर रोजीं वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. तेथील एक प्रसंग आमच्या विषयाशीं निकट आहे. गळ्यांत घालावयाच्या क्रूसावर लॅटिन अक्षरें असावींत असें आश्रमांतील भगिनींचें म्हणणें पडलें. रमाबाईंनीं तें मानलें नाहीं. लॅटिनमध्यें अशी काय विशेष पवित्रता आहे, असा त्यांचा प्रश्न होता. शब्द कोरावयाचाच तर तो संस्कृत असावा, कारण ती आपल्या देशाची प्राचीन व सुंदर भाषा आहे, असें त्यांनीं पत्रानें कळविलें. धर्म नवा घेतला, पण त्याचें चिन्हसुद्धां दुसऱ्याच्या आवडीनें अंगावर चढवावयास त्या तयार नव्हत्या. आहार निरामिष राहिला, वेष देशी राहिला.

येथें पेत्राच्या त्या "सौम्य व शांत" या शब्दांचा विचार करणें भाग आहे. या दोन शब्दांच्या आधारें स्त्रीनें तोंड मिटून राहावें असा अर्थ पुष्कळ उपदेशकांनीं काढला आहे, आणि त्या पत्रांत पतीच्या अधीन राहण्याचा उपदेशही आहे हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु सौम्य या अर्थाचा जो ग्रीक शब्द तेथें आहे, तोच मत्तयाच्या शुभवर्तमानांत येशू स्वतःविषयीं वापरतो. मंदिरांतील सराफांचे चौरंग उलथून टाकणारा पुरुष जर स्वतःला सौम्य म्हणवितो, तर सौम्यता म्हणजे मुकेपणा नव्हे. आणि ती केवळ स्त्रियांच्या वांट्याची वस्तूही नव्हे. आपल्या मानापमानासाठीं न चिडणें, पण दुबळ्याच्या अपमानासाठीं स्वस्थ न बसणें, असाच तिचा अर्थ घ्यावा लागतो. रमाबाईंनीं तो तसाच घेतला.

11 मार्च 1889 रोजीं त्यांनीं मुंबईस शारदासदन काढलें. पुढल्या वर्षीं तें पुण्यास आलें. तेथें शिकलेल्या गोदूबाई या बालविधवेशीं 1893 सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं पुनर्विवाह केला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्याच वर्षीं सदनांतील मुलींस ख्रिस्ती धर्माकडे वळविलें जातें असा गवगवा झाला आणि रानडे, भांडारकर प्रभृति हितचिंतक सल्लागार मंडळांतून बाहेर पडले. तो वाद आज पुन्हां उकरून काढण्याचें आमच्या मनांत नाहीं. आपल्या मुलींविषयीं पालकांस चिंता वाटणें स्वाभाविक होतें, आणि आपल्या प्रार्थनेचें दार बंद करण्याचें रमाबाईंनीं नाकारणें हेंही त्यांच्या स्वभावास धरून होतें.

1896-97 च्या दुष्काळांत रमाबाई मध्यप्रांतांत गेल्या व शेंकडों उपाशी मुली घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगांव येथें मुक्तिसदन उभें राहिलें. 1900 च्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली. अंगावर धड चिंधी नाहीं, डोक्यांत उवा, हाडांस चिकटलेली कातडी, अशा मुलींपुढें आंतरिक सौंदर्यावर व्याख्यान देणें ही क्रूर थट्टा झाली असती. रमाबाईंनीं आधीं न्हाऊं घातलें, जेवूं घातलें, अंग झांकावयास स्वच्छ वस्त्र दिलें. मग अक्षर दिलें. मग हाताला काम दिलें: माग, शेत, गुरें, तेलाचा घाणा, छापखाना. आंधळ्या मुलींस मनोरमाबाईंनीं ब्रेल लिपि शिकविली. ज्यांस समाज पतित म्हणे त्यांच्यासाठींही तेथें निराळें आश्रयस्थान होतें. स्वतः रमाबाई आंखूड केंसांच्या, पांढऱ्या साध्या वस्त्रांतल्या, निरलंकारच राहिल्या. परंतु तें निरलंकार राहणें आतां रूढीनें लादलेलें नव्हतें. पाहणाऱ्यास तीच पांढरी वस्त्रें दिसत. नेसणारीच्या मनांत मात्र त्यांचा अर्थ पार पालटला होता.

अखेरचीं वर्षें त्यांनीं हिब्रू व ग्रीक मूळांवरून बायबलाचें मराठी भाषांतर करण्यांत घालविलीं. तें मुक्तीच्याच छापखान्यांत छापलें गेलें, आणि त्याचे खिळे जुळविणाऱ्या तेथल्या बायका होत्या. 1921 सालीं मनोरमाबाई गेल्या, 5 एप्रिल 1922 रोजीं रमाबाई गेल्या, आणि 1924 सालीं ग्रंथ बाहेर पडला. पेत्राचा तो अध्याय याप्रमाणें एका विधवेनें मराठींत आणला आणि जिच्यापाशीं टाकावयास कांहींच नव्हतें अशा कोणा मुलीच्या बोटांनीं तो जुळविला गेला!

दुसरें उदाहरण लक्ष्मीबाई टिळकांचें. रमाबाई शास्त्रांत वाढलेल्या. लक्ष्मीबाईंस शाळेचें तोंडही धड पाहावयास मिळालें नाहीं. पति नारायण वामन टिळक 1895 सालीं ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाईंनीं बाप्तिस्मा घेतला तो 1900 सालीं. मधलीं पांच वर्षें हा त्यांच्या अंतःकरणाच्या घडणीचा काळ. सोवळ्याओवळ्याचा एकेक पदर उलगडत गेला. आणि तो कोणाच्या दटावणीनें नव्हे, स्वतःच्या विचारानें. 1917 सालीं टिळकांनीं साताऱ्यास "देवाचा दरबार" स्थापिला. इस्लामपूर तेव्हां त्याच जिल्ह्यांत होतें. दोन वर्षांनीं टिळक वारले. त्यांनीं दहाअकरा अध्यायांवर सोडलेलें "ख्रिस्तायन" लक्ष्मीबाईंनीं आणखी चौसष्ट अध्याय लिहून तडीस नेलें. 1934 पासून प्रसिद्ध झालेलीं "स्मृतिचित्रें" आमच्या वाचकांच्या घरोघरीं असतीलच. त्या पुस्तकाची शोभा कशांत आहे? स्वतःच्या फजितीवर मोकळेपणानें हसण्यांत. आपलें तोंड आरशांत जसें आहे तसें पाहावयाचें आणि त्यावर रागवावयाचें नाहीं, हें फार थोड्यांस साधतें.

मिरजेस डॉ. वान्लेस यांचें रुग्णालय 1894 पासून चालूं झालें. परक्याच्या जखमा धुणें हें कुलीन घरांत विटाळाचें मानलें जाई, त्या काळांत अनेक ख्रिस्ती मुलींनीं तें काम हातीं घेतलें. त्यांचीं चरित्रें कोणीं लिहिलीं नाहींत. आमच्या शेजारीं बसलेल्या बाई त्याच परंपरेंतील.

तेव्हां त्यांच्या प्रश्नास आम्हीं शोधलेलें उत्तर असें. अंतरींच्या अलंकाराचा उपदेश खरा आहे. पण तो कोणी कोणास करावा यास मर्यादा आहे. जिच्याजवळ सर्व आहे तिनें तो स्वतःला करावा. जिच्याजवळून सर्व घेतलें गेलें तिला तो ऐकविण्यापूर्वीं तिचें घेतलेलें परत करावें. केंस परत करावे, अक्षर परत करावें, पंगतींतली जागा परत करावी. त्यानंतर तिनें दागिना घातला काय आणि टाकला काय, तो तिचा प्रश्न. रमाबाईंनीं टाकला, महाडच्या सभेंतील स्त्रियांनीं जडभार सोडून ताठ मान घेतली. दोन्हीं कृत्यें सुंदरच होतीं.

प्रार्थना संपली. वधू थोरांच्या पायां पडत आमच्या रांगेपर्यंत आली. वांकतांना तिची नथ सैल होऊन कलली. त्या वृद्ध बाईंनीं तिला थांबविलें, चाळीस वर्षें जखमा बांधलेल्या हातांनीं नथेचा फांसा नीट बसविला आणि म्हणाल्या, "असूं दे, छान दिसते." मग थोडें थांबून त्यांनीं विचारलें, "नोकरी सोडणार नाहींस ना?" मुलीनें मान हलविली. बाईंच्या मुद्रेवर त्या वेळीं जें समाधान दिसलें, त्याचें वर्णन करण्याचें आम्हांस जमणार नाहीं. पण उपदेशकांस जें सांगावयाचें होतें तें तेंच असावें, असें आम्हांस वाटलें.