घरातली हवा शुद्ध करणारी यंत्रणा: कोणाला उपयोगी, किती उपयोगी?

"डॉक्टर, एअर प्युरिफायर घेतला तर मुलाचा पंप बंद करता येईल का?" दिवाळीपासून थंडी संपेपर्यंत दवाखान्यात हा प्रश्न हमखास येतो. उत्तर आहे, नाही. हवा शुद्ध करणारे यंत्र दम्याच्या औषधाची जागा घेऊ शकत नाही. नीट वापरल्यास थोडी मदत मात्र होते.

घरातली हवा कशाने बिघडते?

बाहेरची धूळ आणि वाहनांचा धूर घरात येतोच. त्यात फोडणी, उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल आणि सिगारेट यांच्या धुराची भर पडते. यातले सर्वांत त्रासदायक कण म्हणजे पीएम २.५. २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान असलेले हे कण थेट फुफ्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीनुसार त्यांची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावी. भारताचे मानक ४० आहे.

संपूर्ण घराची यंत्रणा म्हणजे काय?

सेंट्रल एसी असलेल्या घरात हवेच्या डक्टमध्येच फिल्टर बसवतात. अमेरिकेतल्या घरांमध्ये ही सोय सर्रास दिसते. यंत्रणेला झेपत असेल तर एमईआरव्ही १३ दर्जाचा फिल्टर चांगला. पंखा बंद असेल तर हवा गाळली जात नाही, हे लक्षात ठेवा.

आपल्याकडे बहुतेक घरांत डक्ट नसतात. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून परत सोडतो, आणि त्याची जाळी फक्त जाड धूळ अडवते. म्हणून आपल्यासाठी एका खोलीपुरता प्युरिफायर हाच व्यवहार्य पर्याय आहे. रुग्ण ज्या खोलीत झोपतो तिथे तो ठेवा आणि चालू असताना दारे-खिडक्या बंद ठेवा.

घेताना काय पाहाल?

• हेपा फिल्टर: खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. "हेपासारखा" असे लिहिलेले टाळा.
• सीएडीआर: यंत्र तासाला किती शुद्ध हवा देते याचा हा आकडा. १० बाय १२ फुटांच्या, ९ फूट उंचीच्या खोलीतली हवा तासाला ५ वेळा गाळायची असेल, तर तो सुमारे १५० घनमीटर हवा.
• ओझोन: ओझोन सोडणारे यंत्र घेऊ नका. ओझोनने खोकला आणि दमा वाढतो.
• खर्च: फिल्टर ठरावीक काळाने बदलावा लागतो. त्याची किंमत आधीच विचारा.

यंत्र काय करू शकत नाही?

गॅस गिझरमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड कोणताही हेपा फिल्टर अडवत नाही. या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. बंद बाथरूममध्ये तो जीव घेऊ शकतो. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागी बसवा. अंघोळ करताना डोके दुखले, चक्कर किंवा मळमळ आली तर लगेच मोकळ्या हवेत या.

भिंतीची ओलही यंत्राने जात नाही. गळती थांबवली नाही तर बुरशी परत येते.

पैसे खर्च करण्याआधी हे करा

• घरात कोणालाही सिगारेट-विडी ओढू देऊ नका.
• कॉइलऐवजी मच्छरदाणी वापरा. उदबत्ती, धूप कमी करा.
• स्वयंपाक करताना एक्झॉस्ट फॅन किंवा चिमणी चालू ठेवा. चिमणीची हवा बाहेर जायला हवी.
• झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा.
• शहरात थंडीच्या दिवसांत खिडक्या पहाटेऐवजी दुपारी उघडा.

हे सगळे जवळजवळ फुकट आहे आणि धूर मुळातच कमी करते. यंत्राचा विचार त्यानंतर करा.

डॉक्टरांकडे कधी जावे?

रात्री खोकल्याने जाग येत असेल, किंवा आराम देणारा पंप पूर्वीपेक्षा जास्त वेळा लागत असेल तर भेट लांबवू नका. बोलताना धाप लागणे, ओठ निळसर पडणे, श्वास घेताना मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जाणे ही तातडीची लक्षणे आहेत. अशा वेळी थेट रुग्णालय गाठा.

घरात यंत्र आले तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप बंद करू नका.