घाटमाथ्यावरचा थांबा

नागपूरहून भिलाईला रेल्वेने येताना गोंदिया मागे पडते, आमगाव आणि सालेकसाही जातात, आणि भाताच्या खाचरांचा सपाट मुलूख संपून गाडी दरेकशाच्या डोंगरात शिरते. बोगदा येतो, डब्यातील मुले हमखास आरोळी ठोकतात, आणि काही वेळाने डोंगरगडची बमलेश्वरीची टेकडी दिसू लागते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी जाताना हा बोगदा ज्याने पाहिला नाही, असा माजी विद्यार्थी आपल्या शाळेत विरळाच. गाडी चढ चढू लागली की इंजिनाच्या श्रमाची जाणीव सर्वांना होते. उतारावर मात्र प्रवासी निर्धास्त असतात. त्या निर्धास्तपणामागे दोन-अडीचशे वर्षांच्या प्रयत्नांचा, चुकांचा आणि काही भीषण अपघातांचा इतिहास आहे. आपले गाव देशासाठी रूळ घडवते. तेव्हा त्या रुळांवरून धावणारे वाहन डोंगरावरून सुखरूप खाली कसे येऊ लागले, ही हकीकत हीरक महोत्सवाच्या या ग्रंथात नोंदवणे अप्रस्तुत ठरणार नाही.

चढणे हा बळाचा प्रश्न आहे. एक बैलजोडी पुरली नाही तर दुसरी जोडावी, एका इंजिनाने भागले नाही तर मागून दुसरे लावावे. बळ कमी पडले तर गाडी फार तर जागच्या जागी अडते. उतरण्याचे तसे नाही. चढताना जे ओझे जनावराने ओढलेले असते, तेच उतरताना जनावराला ढकलू लागते. वेग जसा वाढतो तसे गाडी थोपवणे कठीण होते, कारण वेग दुप्पट झाला की तो जिरवण्यासाठी चौपट श्रम लागतात. म्हणून उतारावर सुरुवातीचे काही क्षण हातचे गेले, की पुढचे बहुधा हाती लागत नाहीत.

महाराष्ट्राला या प्रश्नाचा परिचय सह्याद्रीने करून दिला. कोकण आणि देश यांच्यामध्ये उभ्या असलेल्या या भिंतीतून शतकानुशतके माल जात होता तो लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. पाठीवर गोणी लादलेला बैल घाटवाट बेताबेताने उतरतो. त्याला ब्रेक लागत नाही. मुंबई आणि पुणे यांच्यामधील बोरघाटात चाकाच्या वाहनांसाठी नीट बांधलेला रस्ता १८३० मध्ये, मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत खुला झाला. त्या दिवसापासून पाठीवरची गोणी गाडीत गेली, आणि घाट उतरण्याचा प्रश्न नव्या रूपाने पुढे आला.

आपली बैलगाडी मुळात सपाटीसाठी घडलेली. बाभळीचा भक्कम तुंबा, त्यात बसवलेले आरे, भोवती लाकडी पुठ्ठे आणि त्यांवर लोहाराने तापवून चढवलेली लोखंडी धाव, असे तिचे चाक असते. उतारावर ओझे पुढे लोटू लागले की जू मानेवरून शिंगांकडे सरकते, आणि बैल पाय रोवून मागे रेलतात. हलका उतार असेल तर तेवढ्याने भागते. घाटात भागत नाही. तेथे गाडीवान माथ्यावर गाडी उभी करून चाकांना आडवा ओंडका दोराने आवळून बांधत असे, म्हणजे लाकूड धावेवर घासत राही आणि चाक जड फिरे. वाटेत थांबायचे झाल्यास चाकाखाली धोंड्याची उटी लावीत. ही साधने गावच्या सुताराच्या, किंबहुना गाडीवानाच्या स्वतःच्याच हातची होती. ओंडका बांधल्याखेरीज घाटात गाडी घालायची नाही, ही मात्र त्यामागची खरी शिस्त होती.

युरोपातील डोंगराळ मुलखांत आणि अमेरिकेच्या पश्चिम भागात हाच प्रश्न अधिक बिकट होता, कारण तेथे चार चाकांच्या जड घोडागाड्या चालत. त्यांवर दोन उपाय रूढ झाले. पहिला म्हणजे लोखंडी पायतण. साखळीने गाडीला जोडलेले हे पायतण मागच्या चाकाखाली सरकवले की चाक त्यावर चढून बसे आणि फिरण्याऐवजी घसटत जाई. दुसरा उपाय म्हणजे नुसती साखळी. तिचे एक टोक गाडीच्या सांगाड्याला पक्के असे आणि दुसरे चाकाभोवती घेऊन आकड्यात अडकवीत. चाक जखडले जाई आणि गाडी मागच्या बाजूने फरफटत उतरे. तोफांच्या गाड्यांनाही अशी साखळी किंवा पायतण असे.

साखळी लावणे सोपे होते; काढणे अवघड. पायथ्याशी पोहोचेपर्यंत सगळ्या ओझ्याचा ताण त्या एका साखळीवर आलेला असे. आकडा इतका आवळून बसे की घोडे थोडे मागे हटवून साखळी सैल केल्याशिवाय तो निघत नसे. दमलेल्या घोड्यांना ओझ्यासह मागे हटवणे कष्टाचे, आणि निसरड्या वाटेवर धोक्याचे. शिवाय जखडलेले चाक एकाच जागी घासून धाव चपटी होई. उतारावर मध्येच सपाट टप्पा किंवा लहानसा चढ आला, की ज्या साखळीने आतापर्यंत जीव राखला तीच पायातली बेडी होऊन बसे.

यावर निघालेली युक्ती साधी आहे आणि म्हणूनच पाहण्यासारखी आहे. आकड्याचे तोंड बिजागरीवर उघडणारे करायचे आणि त्याच्या लांब दांड्यावर एक कडी सरकवून ते बंद ठेवायचे. साखळीवर कितीही ताण असला तरी तरफेमुळे त्या ताणाचा अगदी थोडा अंश कडीवर येतो. त्यामुळे हातोडीच्या एका ठोक्याने कडी मागे सरते, आकडा उघडतो आणि साखळी गळून पडते. घोडे मागे घेण्याची गरज उरत नाही. जहाजाच्या नांगराची साखळी अडकवण्यासाठी आजही याच तत्त्वाचा आकडा वापरतात. ब्रेकला घट्ट धरता आले पाहिजे आणि योग्य क्षणी सोडताही आले पाहिजे, हा धडा यंत्रविद्येने घेतला तो अशा गाडीवानांच्या आणि लोहारांच्या अनुभवातून.

पुढे डोंगरात रेल्वे आली. १८५३ मध्ये मुंबई ते ठाणे पहिली गाडी धावली. १८५६ मध्ये रूळ घाटाच्या पायथ्याशी खोपोलीला पोहोचले आणि १८५८ मध्ये माथ्यावरच्या खंडाळ्यापासून पुण्यापर्यंतची गाडीही सुरू झाली. मधला घाट मात्र बांधून व्हायचा होता. त्यामुळे पुढची पाच वर्षे असा विलक्षण प्रकार चालला की प्रवासी आगगाडीतून उतरत, पालखीने, तट्टावर किंवा बैलगाडीने घाट चढत, आणि माथ्यावर पुन्हा आगगाडीत बसत. वाफेच्या दोन मार्गांना जोडण्याचे काम ओंडका बांधलेली बैलगाडी करीत होती.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी आखलेला हा घाटमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. सुमारे १६ मैलांत तो १,८३१ फूट चढतो. मूळ मार्गावर २५ बोगदे होते, आणि सर्वांत तीव्र उतार ३७ फुटांना १ फूट असा होता. कामाचा जोर असताना ४० हजारांहून अधिक मजूर येथे राबत होते. पटकीने, तापाने आणि सुरुंगांच्या स्फोटांनी त्यांतले हजारो दगावले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे आल्यावर काही आठवड्यांतच मरण पावले, आणि त्यांच्या पत्नी अॅलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट स्वतःच्या अंगावर घेऊन काम तडीस जाण्याची व्यवस्था केली. घाटाची वाट इंग्रजांना शिंगरोबा नावाच्या धनगराने दाखवली, अशी लोककथा आहे. त्याचे देऊळ बोरघाटात आहे आणि येणारे-जाणारे वाहनचालक आजही तेथे हात जोडतात.

त्या काळी आगगाडीचा ब्रेकही हाताचाच होता. गार्ड आणि ब्रेकवाले चाक फिरवून लाकडी ठोकळे चाकांवर दाबीत. पद्धत ओंडक्याचीच, फक्त गाडी शेकडो टनांची. बर्कले यांच्या मार्गात एके ठिकाणी गाडी पूर्ण थांबवून दिशा बदलावी लागे. १९२९ मध्ये विजेची इंजिने आली आणि नवे बोगदे झाले, तेव्हा तो उलटफेर संपला. खाली येणाऱ्या गाडीसाठी आणखी एक योजना होती. उतारावर मुख्य मार्गापासून एक फाटा डोंगराच्या चढावर नेलेला असे आणि सांधा नेहमी त्या फाट्याकडेच वळवलेला असे. गाडी ताब्यात आहे अशी खात्री पटल्यावरच सांधेवाला तो मुख्य मार्गाकडे वळवी. उधळलेली गाडी आपोआप फाट्यावर जाई आणि चढावर वेग गमावून थांबे. येथे विचारात एक मोठा पालट झालेला दिसतो. माणसाने काहीच केले नाही, तर गाडीने धोक्याकडे न जाता सुरक्षिततेकडे जावे, अशी रचना घाटाने रेल्वेला करायला लावली.

हाच विचार खुद्द ब्रेकला लागू व्हायला मात्र एक दारुण घटना घडावी लागली. १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमधील आर्मा या गावाहून रविवारच्या धर्मशाळेची सहल समुद्रकाठी निघाली होती. गाडी मुलांनी आणि पालकांनी खच्चून भरलेली होती. चढावर इंजिनाला ओझे पेलेना, म्हणून माथ्याजवळ गाडीचे दोन भाग करून पुढचा भाग आधी नेण्याचे ठरले. गाडीला निर्वात ब्रेक होता. पण तो इंजिन जोडलेले असेपर्यंतच काम करणारा. जोड सोडताच मागच्या दहा डब्यांचा ब्रेक निकामी झाला. उरला तो एका गार्डच्या डब्याचा हातब्रेक, आणि चाकांमागे लावलेले धोंडे. म्हणजे आपल्या गाडीवानाची उटीच. पुढचा भाग निघताना किंचित मागे सरकला, त्या धक्क्याने धोंडे चिरडले, आणि दहा डबे उतारावरून मागे धावत सुटून पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या गाडीवर आदळले. ८० जीव गेले. त्यांत लहान मुले पुष्कळ होती.

उपाय तेव्हा ठाऊक नव्हता असे नाही. अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाउस यांनी १८६९ मध्ये हवेचा ब्रेक काढला होता. त्यांच्या पहिल्या रचनेत नळीत हवा भरली की ब्रेक लागे. म्हणजे नळी तुटली की ब्रेकही गेला. १८७२ च्या सुमारास त्यांनी रचना उलटी केली. नळीत दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला राहील, आणि दाब गेला, मग तो चालकाने सोडलेला असो वा डबे तुटल्यामुळे गेलेला असो, प्रत्येक डब्याचा ब्रेक आपोआप लागेल. गाडी तुटली तरी दोन्ही भाग उभे राहतील. हे ज्ञान वापरायला काढण्यासाठी मात्र ८० जणांचा बळी पडावा लागला. आर्माच्या अपघातानंतर त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने प्रवासी गाड्यांना असा स्वयंचलित ब्रेक कायद्याने सक्तीचा केला. भारतात निर्वाताच्या तत्त्वावरचा स्वयंचलित ब्रेक दीर्घकाळ चालला आणि नंतर त्याची जागा हवेच्या दाबाच्या ब्रेकने घेतली.

घोडागाडीच्या साखळीचा दुसरा अर्धा प्रश्न, म्हणजे ब्रेक वेळेवर सोडण्याचा, या युगातही सुटून गेला नाही. लांब मालगाडीत ब्रेक सोडायचा तर शेवटच्या वाघिणीपर्यंत दाब पुन्हा भरावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. उतारावर वारंवार ब्रेक लावून सोडला तर साठवलेली हवा कमी पडते. एखाद्या वाघिणीचा ब्रेक सुटलाच नाही, तर चाक घसटत जाऊन चपटे होते आणि प्रत्येक फेऱ्याला रुळावर घणासारखे आदळते. चपट्या झालेल्या धावेचीच ही गोष्ट.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि पुढच्याच वर्षी येथील रूळ-गिरणी चालू झाली. दल्ली-राजहराच्या डोंगरांतले लोहखनिज वाघिणींतून खाली भिलाईला येते, त्याचे पोलाद होते, आणि आज २६० मीटर लांबीचे रूळ होऊन ते देशभर जाते. आपल्यापैकी अनेकांचे वडील आणि आजोबा विदर्भातून त्याच दरेकशाच्या मार्गाने येथे आले आणि या कामात आयुष्यभर राबले. रूळ निर्दोष असेल तरच त्यावरचा ब्रेक भरवशाचा, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही.

इतकी यंत्रे बदलली, तरी एक गोष्ट बदललेली नाही. पुण्याहून मुंबईकडे जाणारी गाडी आजही घाट उतरण्यापूर्वी आणि उतरताना ठरावीक ठिकाणी थांबते. फलाटावर कुणी चढत-उतरत नाही, आणि नव्या प्रवाशाला वाटते की गाडी उगाच खोळंबली. तो थांबा ब्रेकच्या परीक्षेसाठी असतो. ओंडका बांधण्यासाठी माथ्यावर उभा राहणारा गाडीवान आणि आजचा लोको पायलट येथे एकमेकांना भेटतात. दोघांनाही ठाऊक असते की ब्रेकची परीक्षा उताराला लागण्याआधी घ्यायची असते.

आपल्या शाळेच्या सहली यापुढेही निघतील, आणि त्यांच्या वाटेत घाट येतील. माथ्यावर बस उभी करून चालक खाली उतरला आणि चाकांभोवती एक फेरी मारू लागला, तर मुलांनी कुरकुर करू नये, आणि सोबतच्या पालकांनी घड्याळ पाहू नये. त्या पाच मिनिटांचे मोल आर्माच्या मुलांनी चुकते केलेले आहे.