कुंपणानेच शेत खाल्ले

बेरिंग सामुद्रधुनीजवळ, अलास्काच्या किनाऱ्यावर ब्रेव्हिग मिशन नावाची एक लहानशी वस्ती आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये तिथे इन्फ्लुएन्झा पोहोचला आणि पाच दिवसांत गावातल्या ८० प्रौढांपैकी ७२ जण दगावले. कायम गोठलेल्या जमिनीत त्यांना एकत्रच पुरावे लागले.

फ्लू एरवी म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या मुलांना गाठतो. या साथीने मात्र वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसेही उचलली. आपल्याकडे ‘मानमोडी’ म्हणून आठवली जाते ती हीच साथ. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवसात मुंबईत तिने ७६८ बळी घेतले. कर्तीसवरती माणसेच का गेली, याचा उलगडा तेव्हाच्या डॉक्टरांना होईना. मुळात हा आजार विषाणूचा, हेच ठाऊक नव्हते. दोष एका जिवाणूवर टाकला जात होता.

योहान हल्टिन हा स्वीडनहून अमेरिकेत शिकायला आलेला विद्यार्थी. १९५१ मध्ये गावकऱ्यांच्या परवानगीने त्याने ब्रेव्हिगमधली ती कबर उघडली, शेकोट्या पेटवून जमीन वितळवली आणि फुप्फुसांचे तुकडे प्रयोगशाळेत नेले. पण त्यांतून विषाणू काही वाढवता आला नाही. पुढे ४६ वर्षांनी, १९९७ मध्ये, शास्त्रज्ञ जेफ्री टॉबेनबर्गर यांनी जुन्या नमुन्यांतून या विषाणूच्या जनुकांचे तुकडे मिळवल्याचे हल्टिन यांनी वाचले. वयाच्या ७२व्या वर्षी, पदरचे पैसे खर्चून ते पुन्हा ब्रेव्हिगला गेले. सोबत बायकोची बागकामाची कात्री होती! एका स्थूल बाईच्या देहावरील चरबीमुळे तिची फुप्फुसे टिकून राहिली होती. ती त्यांनी काढून घेतली.

त्या ऊतींच्या आधारे २००५ मध्ये विषाणूची पूर्ण जनुकीय संहिता हाती आली आणि अमेरिकेतल्या कडेकोट प्रयोगशाळेत तो पुन्हा जिवंत करण्यात आला. २००७ साली कॅनडातील प्रयोगात माकडांना त्याची लागण केली, तेव्हा त्यांची फुप्फुसे द्रवाने आणि रक्ताने भरली. शरीराच्या संरक्षक पेशी सायटोकाइन नावाची रसायने सोडून कुमक मागवतात. इथे ती मागणी थांबतच नव्हती. विषाणूपाठोपाठ फुप्फुसांच्या नाजूक भिंतीही त्या माऱ्यात सापडल्या. कुंपणानेच शेत खाल्ले, ते असे.

पण सगळे खापर सायटोकाइनने उठवलेल्या या दाहाच्या वादळावर फोडता येत नाही. २००८ मध्ये १९१८ सालच्या शवविच्छेदनांचे जुने नमुने तपासले गेले, तेव्हा बहुतेकांच्या फुप्फुसांत मागाहून शिरलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाच्या खुणा आढळल्या. त्या काळी प्रतिजैविके नव्हती. विषाणूने आणि दाहाने घर खिळखिळे केले की जिवाणूंना दार उघडेच मिळत होते. तरुणांच्या मृत्यूचे कोडे आजही पुरते सुटलेले नाही.

दाह आवरला तर रुग्ण वाचतो का, याचे ठोस उत्तर कोविडने दिले. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीचे आकडे १६ जून २०२० रोजी जाहीर झाले. डेक्सामेथासोन हे दाह शमवणारे जुने, स्वस्त स्टिरॉइड रोज ६ मिलिग्रॅम दिल्याने व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने आणि नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांचे एक पंचमांशाने घटले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना मात्र काहीही लाभ झाला नाही. सुरुवातीच्या दिवसांत विषाणूशी लढायला हीच प्रतिकारशक्ती हवी असते. तेव्हाच तिचे हात बांधले तर नुकसान रुग्णाचेच.

निष्कर्षाचा हा दुसरा निम्मा भाग आपल्याकडे अनेकांनी कानाआड केला. २०२१च्या दुसऱ्या लाटेत साध्या तापालाही स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. रक्तातली साखर भडकली, आणि महाराष्ट्रातल्या रुग्णालयांत काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे रुग्ण आले. कुणाचा जबडा, कुणाचा डोळा काढावा लागला. स्टिरॉइडचा बेसुमार वापर आणि मधुमेह ही त्यामागची दोन मोठी कारणे होती. तेव्हा घरात उरलेली स्टिरॉइडची पट्टी पुढच्या तापासाठी जपून ठेवू नये, आणि शेजाऱ्याला तर मुळीच देऊ नये.